बिल मॅक्रॅकन आणि ऑफसाइडच्या नियमातली फट

1925 च्या जून महिन्यात फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ऑफसाइडच्या नियमातला एक आकडा बदलला. तीनाच्या जागी दोन आले, एवढाच तो बदल. त्याआधीच्या हंगामात इंग्लंडच्या लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागातल्या 462 सामन्यांत 1192 गोल झाले होते. नव्या आकड्यासह खेळल्या गेलेल्या पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत 1703 गोल झाले. सामन्यामागे अडीचच्या आसपास असलेले प्रमाण एका उन्हाळ्यात साडेतीनच्या पुढे गेले. खेळाडू जवळपास तेच होते, मैदाने, चेंडू आणि पंचही तेच होते. या बदलाचा विषय निघाला की आजही एकच नाव घेतले जाते, ते म्हणजे न्यूकॅसल युनायटेडचा उजवा फुल-बॅक, म्हणजे गोलरक्षकापुढचा उजवीकडचा बचावपटू, बेलफास्टचा विल्यम उर्फ बिल मॅक्रॅकन. ‘या माणसामुळे नियम बदलावा लागला’ असे त्याच्याविषयी सर्रास लिहिले जाते. मात्र नियम बदलला तेव्हा मॅक्रॅकनला न्यूकॅसल सोडून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि तो हल सिटीचा व्यवस्थापक म्हणून काम पाहत होता. म्हणून एका खेळाडूची कारकीर्द आणि एका नियमाचे आयुष्य यांचा संबंध नेमका कसा आणि किती होता, हे तपासण्यासाठी हे प्रकरण निवडले आहे.

नियमाची रचना

मॅक्रॅकनने काय केले हे समजण्यासाठी आधी जुना नियम समजून घ्यावा लागतो, आणि इथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण सगळी मेख या नियमातच आहे. 1866 पासून चालत आलेल्या तरतुदीनुसार, आघाडीच्या खेळाडूकडे पुढच्या दिशेने चेंडू दिला जाण्याच्या क्षणी तो चेंडूच्या पुढे असेल, तर त्याच्या आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असणे बंधनकारक होते. तीनापेक्षा कमी असतील तर तो ऑफसाइड ठरे आणि फ्री किक प्रतिपक्षाला मिळे. त्या काळात संघाची मांडणी सर्वत्र जवळपास एकसारखी असे. मागे गोलरक्षक, त्याच्यापुढे दोन फुल-बॅक, मग तीन हाफ-बॅक आणि पुढे पाच आघाडीवीर. म्हणजे नियमात अपेक्षित असलेले तीन खेळाडू कोण, हे मांडणीनेच ठरवून टाकले होते. ते तीन म्हणजे गोलरक्षक आणि दोन फुल-बॅक.

आता या तिघांपैकी एक फुल-बॅक, चेंडू दिला जाण्याच्या नेमक्या आधी, चार पावले पुढे सरकून आघाडीवीराला मागे टाकून उभा राहिला, तर त्या आघाडीवीरापुढे दोनच प्रतिस्पर्धी उरतात आणि पंचाची शिट्टी वाजते. हा झाला सापळा. पण या युक्तीचे खरे सामर्थ्य ती फसली तर काय होते यात आहे. समजा फुल-बॅकचा अंदाज चुकला, तो उशिरा सरकला, किंवा पंचाचे लक्ष नव्हते. तरीसुद्धा आघाडीवीरासमोर दुसरा फुल-बॅक आणि गोलरक्षक असे दोघे जण शिल्लकच असतात. सापळा लागला तर पूर्ण फायदा, आणि नाही लागला तर नुकसान अर्धेमुर्धे, असा हा सौदा होता. ज्या डावात हरलो तरी विशेष काही जात नाही तो डाव माणूस पुन्हा पुन्हा मांडणारच. 1866 साली नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घोळक्याने चेंडू पुढे रेटणारा खेळ होता. बचावपटू स्वतः होऊन गोलपासून दूर पळेल, ही कल्पनाच तेव्हा कोणाला शिवली नसावी.

1907 साली या नियमात एक दुरुस्ती झाली. खेळाडू स्वतःच्या अर्ध्या मैदानात असेल तर तो ऑफसाइड धरू नये, असे ठरले. त्यामुळे सापळ्याला मध्यरेषेची हद्द पडली, पण त्या हद्दीपर्यंत पुढे येऊन उभे राहायला कोणाचीच मनाई नव्हती. परिणामी दोन्ही संघांचे फुल-बॅक मध्यरेषेच्या जवळ येऊ लागले आणि एवढे मोठे मैदान उपलब्ध असताना वीस खेळाडू मधल्या अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने खेळू लागले.

बेलफास्ट ते न्यूकॅसल

मॅक्रॅकनचा जन्म 29 जानेवारी 1883 रोजी बेलफास्टमध्ये झाला. त्याच्या जन्माच्या सुमारे वर्षभर आधी, फेब्रुवारी 1882 मध्ये, आयर्लंडच्या संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना बेलफास्टमध्येच खेळला होता आणि इंग्लंडकडून 13-0 असा मार खाल्ला होता. त्यामुळे मॅक्रॅकनच्या पिढीला आयर्लंडची फुटबॉलमधली पत वेगळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याने वरच्या दर्जाच्या फुटबॉलची सुरुवात डिस्टिलरी या बेलफास्टच्या क्लबकडून केली. हे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही, कारण डनव्हिल या व्हिस्की बनवणाऱ्या कंपनीच्या भट्टीतल्या कामगारांनी 1880 मध्ये तो क्लब काढला होता. 1902-03 च्या हंगामात डिस्टिलरीने आयरिश लीग जिंकली. त्याआधीच, 1902 मध्ये, मॅक्रॅकन वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आयर्लंडकडून खेळला होता.

1904 मध्ये तो न्यूकॅसल युनायटेडकडे आला आणि 1923 पर्यंत तिथेच राहिला. मधली चार वर्षे महायुद्धामुळे लीग बंद होती हे लक्षात घेतले, तरी लीग आणि चषक मिळून त्याने क्लबसाठी 432 सामने खेळले. तो आला तो काळ न्यूकॅसलच्या भरभराटीचा होता. 1904-05, 1906-07 आणि 1908-09 असे तीन हंगाम क्लबने लीगचे विजेतेपद मिळवले. 1905 ते 1911 या सात वर्षांत क्लबने एफए चषकाची, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची, अंतिम फेरी पाच वेळा गाठली. त्यांपैकी 1908, 1910 आणि 1911 च्या अंतिम सामन्यांत मॅक्रॅकन होता. चषक मात्र एकदाच हाती आला. 1908 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सने 3-1 असे हरवले आणि 1911 मध्ये ब्रॅडफर्ड सिटीविरुद्धची गोलशून्य बरोबरी ओल्ड ट्रॅफर्डवरच्या फेरसामन्यात 1-0 अशा पराभवात बदलली. 1910 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर बार्न्सलीविरुद्ध 1-1 अशी बरोबरी झाली आणि लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवरचा फेरसामना ॲल्बर्ट शेफर्डच्या दोन गोलांच्या बळावर न्यूकॅसलने जिंकला. क्रिस्टल पॅलेसवर या क्लबला अंतिम सामना जिंकता आला नाही तो नाहीच.

या संघाचा स्वभाव इथे नोंदवणे गरजेचे आहे, कारण मॅक्रॅकनचे नाव घेताच एखाद्या कंटाळवाण्या, गोल न होऊ देण्यातच धन्यता मानणाऱ्या संघाचे चित्र उभे राहते. ते चित्र निदान पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळापुरते चुकीचे आहे. स्कॉटिश पद्धतीच्या आखूड पासांवर आणि जागा बदलण्यावर उभा असलेला तो संघ होता. कॉलिन व्हीच आणि पीटर मॅकविल्यम यांच्यासारखे हाफ-बॅक डोक्याने खेळणारे म्हणून ओळखले जात. पुढे हाच मॅकविल्यम टॉटनहॅमचा व्यवस्थापक झाला, तर व्हीच खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. अशा विचार करणाऱ्या संघात ऑफसाइडचा सापळा हा चेंडू लवकरात लवकर परत मिळवण्याचा मार्ग होता. फ्री किक मिळाली की चेंडू पुन्हा व्हीचच्या पायाशी. म्हणून ही युक्ती आळसातून किंवा भीतीतून जन्मली असे म्हणणे मला पटत नाही. तिच्यातला आळस पुढे आला, ज्यांनी तिची नक्कल केली त्यांच्याबरोबर.

युक्तीचे व्यवहारातले रूप

सापळा लावणे कागदावर सोपे वाटले तरी मैदानावर ते एका माणसाचे काम नव्हते. एक फुल-बॅक पुढे सरकणार, तर दुसऱ्याने तिरपे मागे राहून गोलरक्षकाच्या आणि त्याच्या मधली जागा राखायची. हाफ-बॅकनी चेंडूवाल्या खेळाडूवर दबाव ठेवायचा, म्हणजे त्याला पास घाईने द्यावा लागेल. आणि पुढे सरकायची वेळ ठरवायची ती समोरच्याचे पाऊल चेंडूला लागण्याच्या क्षणभर आधीची. क्षणभर लवकर सरकले तर आघाडीवीर सावध होऊन मागे येतो आणि उशीर झाला तर तो निसटतो. मॅक्रॅकनचे कौशल्य इथे होते. आघाडीवीरापेक्षा त्याचे लक्ष पास देणाऱ्यावर असे. महायुद्धाच्या आधीपासून न्यूकॅसलमध्ये असलेला फ्रँक हडस्पेथ हा डावा फुल-बॅक त्याचा सर्वांत प्रसिद्ध जोडीदार ठरला. महायुद्धानंतरच्या हंगामांत या दोघांनी सापळ्याची इतकी सवय करून घेतली होती की समोरच्या संघाचे आघाडीवीर सामन्याच्या पूर्वार्धातच वैतागून जात.

त्या काळातला एक किस्सा पुढे बराच फिरला. पाहुणा संघ न्यूकॅसलच्या स्थानकावर उतरतो, तेवढ्यात गार्डची शिट्टी वाजते आणि संघातला एक खेळाडू म्हणतो, ‘झाले, इथेच ऑफसाइड!’ किस्सा घडला असो वा रचला असो, तो सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना मॅक्रॅकनची ओळख करून द्यावी लागत नव्हती. परगावच्या मैदानांवर प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत आणि तो ते शांतपणे ऐकून घेई. ‘ऑफसाइडचा बादशहा’ ही पदवी त्याला मिळाली ती निम्मी कौतुकाने आणि निम्मी रागाने.

त्याने नियमाचे उल्लंघन एकदाही केलेले नव्हते. नियमाने आघाडीवीरावर बंधन घातले होते. बचावपटूने कुठे उभे राहावे याबद्दल नियम गप्प होता. मराठी वाचकाला या ठिकाणी विनू मंकड आठवल्यावाचून राहणार नाही. डिसेंबर 1947 मध्ये सिडनी कसोटीत चेंडू टाकला जाण्यापूर्वी क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला मंकडने धावबाद केले. नियम मंकडच्या बाजूने होता, तरी त्या प्रकाराला पुढे पंचाहत्तर वर्षे त्याचेच नाव चिकटून राहिले आणि तेही दूषण म्हणून. मॅक्रॅकनचे प्रकरण त्याच जातीचे आहे. फरक एवढाच की क्रिकेटने मंकडचा नियम कायम ठेवला आणि फुटबॉलने मॅक्रॅकनचा नियम बदलून टाकला.

श्रेय आणि दोष कोणाचा

सापळ्याचा शोध मॅक्रॅकनने लावला, हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. नॉट्स काउंटीच्या हर्बर्ट मॉर्ली आणि जॉक मॉन्टगोमेरी या फुल-बॅक जोडीने महायुद्धापूर्वीच हा डाव पद्धतशीरपणे वापरला होता, आणि त्या दोघांनाच आद्य मानणारे अभ्यासक आहेत. तर्काने पाहिले तरी जो नियम अर्ध्या शतकाहून अधिक काळ सर्वांसमोर उघडा होता, त्यातली फट एकाच माणसाला दिसली असेल हे संभवत नाही. मॅक्रॅकनचे वेगळेपण सातत्यात आहे. इतरांनी अधूनमधून वापरलेली युक्ती त्याने जवळजवळ दोन दशके एका मोठ्या, सतत वर्तमानपत्रांत असलेल्या आणि चषकाच्या अंतिम सामन्यांत खेळणाऱ्या क्लबमध्ये रोजच्या सरावाची केली. म्हणून ती युक्ती लोकांना दिसली त्याच्यामुळे आणि इतर क्लबांनी ती उचलली तीही बरीचशी त्याच्याकडे पाहून.

ही उचल निर्णायक ठरली. एका क्लबने सापळा लावला तर तो डावपेच असतो. सगळ्याच क्लबांनी लावला की तो खेळाचा स्वभाव होऊन बसतो. विसाच्या दशकाच्या पूर्वार्धात नेमके हेच झाले. दर काही मिनिटांनी शिट्टी वाजून खेळ थांबे. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला गोलापेक्षा फ्री किकच जास्त पाहायला मिळत. महायुद्धानंतर प्रेक्षकांची गर्दी वाढलेली होती आणि क्लबांचा खर्च तिच्यावरच चालत होता. नियम बदलण्यामागे खेळाच्या सौंदर्याची चिंता होती तशी तिकीटबारीचीही होती, असे मानायला पुरेशी जागा आहे. म्हणजे 1925 च्या बदलाला कारण ठरलेली परिस्थिती मॅक्रॅकनच्या अनुकरणातून तयार झाली होती, आणि ती टोकाला पोहोचली तेव्हा तो स्वतः मैदानावर नव्हता.

दुसरा तंटा: मानधनाचा

मॅक्रॅकनच्या कारकिर्दीचा जो भाग ऑफसाइडच्या गोंगाटात झाकला जातो, तो त्याच्या देशाच्या संघाशी झालेल्या तंट्याचा आहे, आणि माझ्या मते त्याचा स्वभाव समजण्यासाठी तो तितकाच उपयोगी आहे. 1908 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी निवड झाल्यावर त्याने आयरिश फुटबॉल असोसिएशनकडे, इंग्लंडच्या खेळाडूंना सामन्यामागे जेवढे मानधन मिळते तेवढेच आपल्याला मिळावे, अशी मागणी केली. असोसिएशनने ती फेटाळलीच, शिवाय त्याला संघातून काढून त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय सामन्यांचे दार बंद केले. फेब्रुवारी 1907 मध्ये गुडिसन पार्कवर इंग्लंडविरुद्ध खेळल्यानंतर त्याचा पुढचा अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ऑक्टोबर 1919 मध्ये बेलफास्टला झाला. मधली बारा वर्षे गेली. त्यांतली चार-पाच महायुद्धाने खाल्ली हे खरे, पण चोवीस ते एकतीस हे फुल-बॅकच्या आयुष्यातले सर्वांत भरीचे वय त्याने देशासाठी न खेळता घालवले.

या तंट्यामागची परिस्थिती पाहिली तर मागणी अवाजवी वाटत नाही. इंग्लंडमध्ये 1901 पासून खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा होती. क्लब कितीही कमावो, खेळाडूला त्यापलीकडे देता येत नसे, आणि क्लबच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे जाताही येत नसे. 1907 च्या डिसेंबरात मँचेस्टरमध्ये खेळाडूंची संघटना पुन्हा उभी राहिली आणि न्यूकॅसलचा कॉलिन व्हीच तिच्यातला आघाडीचा कार्यकर्ता होता. मॅक्रॅकनची मागणी आणि ही संघटना यांची वेळ इतकी जवळची आहे की, एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसणाऱ्या या दोघांमध्ये पैशाच्या विषयावर बोलणे झालेच नसेल असे मानणे कठीण आहे. अर्थात हे माझे अनुमान आहे. दुसऱ्या बाजूला बेलफास्टची असोसिएशन पैशाने तोकडी होती, आणि इंग्लंडच्या क्लबांत खेळणारे आयरिश खेळाडू शनिवारच्या लीग सामन्यांतून मोकळे करून घेताना तिची दमछाक होत असे. तिने मानधन वाढवायला नकार दिला हे समजण्यासारखे आहे. एका मागणीसाठी एवढी लांब शिक्षा द्यायची हे समजण्यासारखे नाही.

या बहिष्काराची किंमत त्याला नेमकी काय पडली, हे त्याच काळातल्या निकालांवरून कळते. 15 फेब्रुवारी 1913 रोजी बेलफास्टमध्ये आयर्लंडने इंग्लंडला 2-1 असे हरवले. 1882 पासून चाललेल्या मालिकेतला हा इंग्लंडवरचा पहिला विजय होता. पुढच्याच वर्षी, 1914 मध्ये, मिडल्सब्रो इथे इंग्लंडवर 3-0 असा विजय, वेल्सवर 2-1 असा विजय आणि स्कॉटलंडशी 1-1 अशी बरोबरी साधून आयर्लंडने चार देशांची ब्रिटिश स्पर्धा प्रथमच एकट्याने जिंकली. तेरा गोलांनी हरण्यापासून सुरुवात केलेल्या संघाचा हा सर्वोच्च क्षण होता आणि त्या काळातला आयर्लंडचा सर्वांत प्रसिद्ध फुल-बॅक त्या संघात नव्हता.

तो परतला तेव्हा देशही पूर्वीचा राहिला नव्हता. 1921 मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये वेगळी फुटबॉल संघटना निघाली. बेलफास्टची जुनी असोसिएशन मात्र आपला संघ ‘आयर्लंड’ याच नावाने उतरवत राहिली. 3 मार्च 1923 रोजी बेलफास्टमध्ये स्कॉटलंडविरुद्ध मॅक्रॅकन शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. तेव्हा त्याचे वय चाळीस होते. पहिला सामना त्याने संपूर्ण बेटाचा खेळाडू म्हणून खेळला होता आणि शेवटचा प्रत्यक्षात त्या बेटाच्या एका कोपऱ्याचा खेळाडू म्हणून.

आकडा बदलल्यावर

1925 च्या निर्णयापूर्वी दोन पर्याय चाचपून पाहिले गेले. तीनाऐवजी दोन खेळाडू पुरेसे मानावेत हा एक, आणि प्रत्येक गोलपासून चाळीस यार्डांवर रेषा आखून तिच्या आणि मध्यरेषेच्या दरम्यान ऑफसाइड धरूच नये हा दुसरा. स्कॉटलंडच्या संघटनेने मांडलेला पहिला पर्याय मंजूर झाला. त्यामागचे गणित वर सांगितलेल्या सौद्याच्या नेमके उलट जाणारे आहे. नव्या नियमात एक फुल-बॅक पुढे सरकला तरी दुसरा आणि गोलरक्षक मिळून दोन भरत होते, म्हणजे सापळा लागतच नव्हता. तो लावायचा तर दोघांनाही पुढे यावे लागणार, आणि अंदाज चुकला तर आघाडीवीरासमोर एकटा गोलरक्षक उरणार. पूर्वी फसण्याची किंमत अर्धी होती, ती आता एक गोल झाली. सापळ्यावर कोणी बंदी घातली नव्हती, तो फक्त महाग करून ठेवला होता, आणि महाग झालेली गोष्ट लोक जपून वापरतात. नियम करणाऱ्यांच्या हातून घडलेले हे मोठे शहाणपणाचे काम होते, असे मला वाटते.

परिणाम तत्काळ दिसला. हंगामाच्या पहिल्याच दिवशी ॲस्टन व्हिलाने बर्नलीवर दहा गोल केले. 3 ऑक्टोबर 1925 रोजी न्यूकॅसलने आपल्या मैदानावर आर्सेनलला 7-0 असे धुतले. न्यूकॅसलचा सेंटर-हाफ, म्हणजे तीन हाफ-बॅकमधला मधला, चार्ली स्पेन्सर त्या दिवशी मागे राहून खेळला होता. आर्सेनलच्या चार्ली ब्यूकनने त्या पराभवानंतर आपल्याही सेंटर-हाफला दोन फुल-बॅकच्या मध्ये मागे घ्यावे असा आग्रह धरला आणि व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने तो मानला. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला त्यांच्या घरी 4-0 असे हरवले. पुढे तिसऱ्या बचावपटूची ही मांडणी चॅपमनने इतकी पक्की केली की इंग्लंडमध्ये पुढची कित्येक वर्षे तीच रूढ झाली. नियमाने बचावातून एक माणूस वजा केला होता, आणि क्लबांनी तो हाफ-बॅकच्या रांगेतून काढून परत मागे आणून उभा केला.

आघाडीवीरांचे दिवस मात्र आलेच. 1926-27 मध्ये मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या विभागात 59 गोल केले आणि त्याच्या पुढच्या हंगामात एव्हर्टनच्या डिक्सी डीनने पहिल्या विभागात 60. सापळ्याचे माहेर समजल्या जाणाऱ्या न्यूकॅसललाही नवा नियम मानवला. ह्यूई गॅलाकरच्या 36 गोलांच्या बळावर क्लबने 1926-27 ची लीग जिंकली. त्या संघात मॅक्रॅकनचा जुना जोडीदार हडस्पेथ अजून डाव्या फुल-बॅकच्या जागी होता.

हलमधली वर्षे आणि नंतर

मॅक्रॅकन फेब्रुवारी 1923 मध्ये हल सिटीचा व्यवस्थापक झाला आणि 1931 पर्यंत त्या पदावर राहिला. दुसऱ्या विभागातला हा क्लब त्याच्या काळात फारसा वर आला नाही. 1929-30 चा एक हंगाम मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण त्याच्या कारकिर्दीचे सगळे धागे त्यात एकत्र आलेले दिसतात. त्या वर्षी एफए चषकात हलने मँचेस्टर सिटीला त्यांच्या मैदानावर हरवले आणि पुढच्या फेरीत गाठ पडली ती न्यूकॅसलशी. न्यूकॅसलच्या मैदानावर 1-1 अशी बरोबरी झाली आणि हलमधल्या फेरसामन्यात मॅक्रॅकनच्या संघाने आपल्या जुन्या क्लबला 1-0 असे बाहेर काढले. उपांत्य फेरीत समोर चॅपमनचा आर्सेनल होता, म्हणजे 1925 च्या नियमाला उत्तर शोधून मोठा झालेला संघ. लीड्सला हलने 2-0 अशी आघाडी घेतली, पण आर्सेनलने ती भरून काढली. बर्मिंगहॅमच्या फेरसामन्यात आर्सेनल 1-0 असा जिंकला आणि पुढे चषकही घेऊन गेला. त्याच हंगामाच्या शेवटी हल दुसऱ्या विभागातून खाली घसरला. त्याच्याबरोबर घसरलेला दुसरा क्लब नॉट्स काउंटी होता, मॉर्ली आणि मॉन्टगोमेरी यांचा. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही काढू नये, पण नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

पुढे त्याने गेट्सहेड आणि मिलवॉल हे क्लब सांभाळले आणि 1937 पासून 1949 पर्यंत तो ऑल्डरशॉटचा व्यवस्थापक होता. ऑल्डरशॉट ही लष्करी छावणीची वस्ती. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झालेले नामवंत खेळाडू तिथे प्रशिक्षणासाठी असत आणि पाहुणे म्हणून स्थानिक क्लबकडून खेळत. त्यामुळे क्लिफ ब्रिटन, स्टॅन कलिस आणि ज्यो मर्सर ही इंग्लंडची संपूर्ण हाफ-बॅक रांग आणि टॉमी लॉटनसारखा आघाडीवीर एका छोट्या क्लबच्या मैदानावर मॅक्रॅकनच्या हाताखाली खेळताना पाहायला मिळाले. त्यानंतरही तो होतकरू खेळाडू हेरण्याचे काम उतारवयापर्यंत करत राहिला आणि ज्या न्यूकॅसलसाठी तो खेळला त्या क्लबसाठीही त्याने ते केले.

20 जानेवारी 1979 रोजी हलमध्ये त्याचे निधन झाले. शहाण्णवावा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. ऑफसाइडच्या नियमातला दोनचा आकडा तोपर्यंत चोपन्न वर्षांचा होत आला होता. पुढे 1990 मध्ये त्याला एक सवलत जोडली गेली. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीने उभा असलेला आघाडीवीर ऑफसाइड धरू नये, असे तेव्हा ठरले. संशयाचे ते अर्धे पाऊल, ज्याच्यावर मॅक्रॅकनने वीस वर्षे काढली होती, ते त्या दिवशी आघाडीवीराच्या नावावर जमा झाले.